सोळा मासिकं एका सकाळी

माणूस गेल्यावर बाराव्या दिवशी सपिंडी, म्हणजे त्याला पितरांत मिळवण्याचा विधी, करायची तर त्याआधी सोळा मासिकं, म्हणजे मासिक श्राद्धं, उरकावी लागतात. बारा महिन्यांची बारा, आणि मधली चार: पहिला महिना भरायच्या आतलं ऊनमासिक, दीड महिन्याचं त्रैपाक्षिक, सहा महिन्यांच्या जरा अलीकडचं ऊनषाण्मासिक आणि वर्षाच्या तोंडावरचं ऊनाब्दिक. मुळात ही आपापल्या तिथीला, वर्षभर करायची. सपिंडीही वर्ष सरताना. पण माणसाच्या आयुष्याचा भरवसा नाही, घरात मंगलकार्य निघू शकतं, अशी कारणं सांगून शास्त्रानंच ती अलीकडे ओढायची मुभा दिली आणि आता ती मुभाच रीत झाली आहे. गोव्यात डिचोलीत, फोंड्यात, पेडण्यात, कुठंही जा. सकाळी भटजी बसतात, पिंड एकामागून एक मांडले जातात, मुलगा सांगतील तसं पाणी सोडत राहतो आणि जेवणाची पानं मांडायच्या आत त्याचं पुढचं अख्खं वर्ष संपलेलं असतं.

धर्मशास्त्रावर बोलायचा माझा अधिकार नाही. मृताच्या गतीसाठी कोणती तिथी चालते आणि कोणती नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. माझं लक्ष जातं ते त्या तारखांकडे. ज्यांनी कुणी त्या ठरवल्या, त्यांनी माणूस गेलेल्या घराचं वर्ष फार जवळून पाहिलं असणार, असं मला नेहमी वाटतं. सुरुवातीला तारखा दाट आहेत. मग महिन्याला एक, पण चुकत नाही. सहाव्या महिन्याशी पुन्हा दोन लागोपाठ, वर्षाशी पुन्हा दोन. त्या दिवशी भटजी यायचे म्हणजे लेक आदल्या दिवशीच माहेरी यायची, चुलते यायचे, शेजारीण खोबरं काढायला बसायची. विधी गेलेल्यासाठी होता, पण माणसं मागं राहिलेल्यांच्या ओसरीवर बसायची. मासिकं बाराव्या दिवसावर आली, तशी ती माणसंही बाराव्या दिवसावर आली.

गोव्यात आज शोक करणाऱ्या माणसाला बारा दिवस भरभरून मिळतात आणि तेराव्या दिवसापासून काहीच मिळत नाही. माझा मुद्दा तो आहे. आणि हा ज्या त्या घराचा खासगी प्रश्न आहे, असं म्हणून चालणार नाही. मागं राहिलेल्याला रजा मिळते की नाही, त्याच्याकडे पुन्हा कुणी येतं की नाही, गेलेल्याच्या बायकोला, आईला, सुनेला गाव कसं वागवतं, आरोग्य केंद्रात शोक करणाऱ्याचं कुणी ऐकून घेतं का, हे सगळं कायद्यावर, पंचायतीवर आणि आपल्या रीतींवर अवलंबून आहे. म्हणजे आपल्या सगळ्यांवर.

ते बारा दिवस आपण फार चांगले करतो, हे आधी मान्य केलं पाहिजे. वाड्यावर कुणी गेलं की निरोप द्यावा लागत नाही. लाकडांची, खुर्च्यांची, मंडपाची व्यवस्था कोण करतो ते घरच्यांना कळतही नाही. घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून पेजेचं भांडं येतं, सोबत लोणच्याची फोड. आयुष्यात दोन शब्द न बोललेला माणूस येऊन तासभर गप्प बसून जातो. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे नशिबी नाही. म्हापशा-मडगावच्या मोठ्या वसाहतींत शेजारच्या दारात चपलांची गर्दी दिसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. गावात अजून हे टिकून आहे आणि ते टिकावं.

पण तेरावा झाला की गाड्या निघतात. बहिणी सासरी जातात, मुंबईचे मुंबईला जातात, मंडपवाला खुर्च्या मोजून नेतो. आणि घरातल्या माणसाला खरं काय झालंय ते तेव्हा कळायला लागतं. बारा दिवस तो कुणाला चहा दिला, कुणाला सांगायचं राहिलं, भटजींनी सांगितलेलं सामान आलं का, यातच असतो. सवड मिळते ती चौदाव्या दिवशी. नेमकं तेव्हाच आपण मोकळे झालेलो असतो. महिन्याभरानं तो बाजारात भेटला तर आपण त्याला विचारतो, ‘मग, बरा मरे?’ यावर तो ‘बरा’ म्हणण्यापलीकडे काय बोलणार?

ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी सातव्या दिवसाची मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असते, महिन्याची असते, वर्षाची असते आणि २ नोव्हेंबरला सगळा गाव कबरींवर फुलं नि मेणबत्त्या घेऊन जातो. आधीच्या पिढीतल्या बायका वर्ष वर्ष काळे कपडे घालायच्या. त्यात बाईवरच जास्त ओझं होतं, हे खरं आहे आणि ती सक्ती गेली ते बरंच झालं. पण त्या काळ्या झग्याकडे बघून अनोळखी दुकानदारही जरा हळू बोलायचा. मुसलमान घरांत चाळिसावा करतात. या सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती: शोकाला महिने लागतात आणि त्या महिन्यांत माणसाला ठरावीक दिवशी कुणीतरी भेटावं लागतं. ती भेट पुन्हा हवी, एवढंच मी म्हणते. ज्यांना पिंडदान नको त्यांनी करू नये. तारीख धरून येणाऱ्या माणसाला मात्र पर्याय नाही.

आता शोक म्हणजे काय याबद्दल आपल्या डोक्यात जे बसलंय त्याविषयी. शिकल्यासवरलेल्यांना ‘पाच टप्पे’ तोंडपाठ असतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये ते मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. त्यातून बिचारी माणसं स्वतःलाच तपासत बसतात: मला राग आलाच नाही, माझं काही चुकतंय का? वर्ष झालं तरी स्वीकार का होत नाही? शोक असा इयत्ता चढत जात नाही. नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये जे मांडलं ते आपल्या अनुभवाला जास्त जुळतं. त्यांच्या मते शोकातला माणूस दोन टोकांमध्ये हेलपाटत राहतो. कधी गेलेल्याच्या आठवणीत, कधी पुढच्या जगण्याच्या खटपटीत; आणि हे हेलपाटणंच प्रकृतीचं लक्षण आहे.

हे समजून घेतलं तर गावात चालणारे दोन्ही अन्याय थांबतील. बायको जाऊन दोन महिने झालेला माणूस मासळीबाजारात गेला. भाव केला, ओळखीच्या नुस्तेकारणीशी हसला. लोक म्हणाले, विसरला बघा. तोच माणूस बांगड्यांचा वाटा पिशवीत घेताना थांबला, कारण आता घरी साफ करणारं कुणी नाही आणि इतके बांगडे खाणारंही कुणी नाही, आणि त्याला तिथंच रडू कोसळलं. लोक म्हणाले, अजून सावरला नाही. दोन्ही वेळा लोक चुकले. तो ज्या वाटेनं जायला हवं त्याच वाटेनं चालला होता.

बहुतेक माणसं औषधाशिवाय, डॉक्टरशिवाय यातून निभावून जातात. रडणाऱ्या प्रत्येकाला मानसोपचाराकडे पाठवा असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण थोड्या लोकांचा शोक थिजून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याला वेगळं स्थान मिळालं. सहा महिने उलटून गेल्यावरही ओढ आणि यातना तितक्याच तीव्र राहिल्या, रोजचं जगणं ठप्प झालं, आणि ते आपल्या समाजाच्या रीतीत बसण्याच्या पलीकडे गेलं, तर तो विकार समजावा असं त्यात आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथानं त्याच वर्षी मोठ्यांसाठी वर्षाची मर्यादा धरली. म्हणजे तिसऱ्या महिन्यात कुणाला ‘हिला आता डॉक्टरकडे न्या’ म्हणू नये, आणि दोन वर्षं खोलीचं दार न उघडणाऱ्या आईला ‘तिचं ते तसंच’ म्हणून सोडूनही देऊ नये. पण हा फरक करणार कोण? सहाव्या महिन्यात त्या घरात गेलेला माणूसच ना. तो जातच नसेल तर सगळं वर्गीकरण कागदावर.

पुरुषांविषयी वेगळं बोललं पाहिजे, कारण त्यांच्याविषयी कुणी बोलत नाही. १९६९ मध्येच ब्रिटनमधल्या कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचावन्न वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास छापला. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्या वयाच्या अपेक्षित प्रमाणापेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होतं आणि त्यातले बरेचसे हृदयविकारानं गेले होते. आपल्याकडे ‘बायको गेली आणि वर्षाच्या आत तोही गेला’ हे वाक्य इतकं सवयीचं आहे की त्यात काही करता येण्यासारखं असेल असं मनातच येत नाही. चाळीस वर्षं ताट समोर आलेल्या माणसाला गॅसही पेटवता येत नाही. औषधाच्या गोळ्या कुठल्या डब्यात हे तिला माहीत होतं. संध्याकाळ झाली की घर खायला उठतं आणि नाक्यावरचं दारूचं तावेर्न तर उघडंच असतं. तिथं त्याला माणसं भेटतात, हेही समजून घ्या. त्याला दारूडा ठरवण्याआधी, संध्याकाळी सहा ते आठ त्याच्याकडे दुसरं कोण जात होतं, असा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

बाईचं दुःख वेगळं. तिच्याकडे माणसं येतात, पण काय घेऊन येतात? ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. महाराष्ट्र सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर पंचायतींना तसं करायला सांगितलं. गोव्यातल्याही काही पंचायतींनी पुढं तसे ठराव घेतले. चांगलं झालं. पण ठरावानं स्मशानातून परतल्यावरची ती अर्ध्या तासाची क्रूरता थांबेल. मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिचं घर ओलांडून पुढं जाणारी शेजारीण थांबणार नाही. लेकीच्या लग्नात आईला मागच्या रांगेत बसवणारी आत्या थांबणार नाही. नवरा गेल्याचं दुःख एक आणि गावानं काढून घेतलेली जागा दुसरं. पहिलं कुणाच्या हातात नाही. दुसरं आपण करतो. ठराव घेतलेल्या पंचायतींमधल्या पंच-सरपंचांच्या घरच्या हळदीकुंकवाला किती विधवा आल्या, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. तिथून सुरुवात झाली तर बाकीचा गाव मागून येईल.

आणि पहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गोव्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. माणूस गेलेल्या घरात त्या वर्षी कुणी सण करत नाहीत, कुणी साधेपणानं उरकतात, सुतक आड आलं तर गणपती पुढं ढकलतात. काहीही केलं तरी घराला ती चवथ काढावी लागतेच. एका घरी मी पाहिलंय. दरवर्षी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली रानफळांची चौकट, बांधायचं काम वडिलांचं. रानात जाऊन कांगणं, घागऱ्या, माट्टुलिंग आणायचं, आंब्याचे टाळे बांधायचे, सुपारीचं शिपटं बरोब्बर मध्ये यायला हवं म्हणून तीनदा खाली उतरून बघायचं. ते गेले त्या वर्षी मुलानं बाजारातून सगळं सामान विकत आणलं. वाशांची चौकट वर होतीच. तो शिडीवर चढला आणि त्याला कळेना की आधी काय बांधायचं. वडील दरवर्षी बांधायचे, तो दरवर्षी खाली उभा राहून दोरी द्यायचा, वर काय चाललंय तिकडे त्यानं कधी नीट पाहिलं नव्हतं. तो शिडीवरच बसून राहिला. शेवटी पलीकडच्या घरातले म्हातारे काका आले, काही बोलले नाहीत, खाली उभे राहून एकेक वस्तू त्याच्या हातात देत गेले. ‘आता नारळ. आता ती चिबुडाची.’ सांत्वनाचं एक अक्षर नाही. पण तेव्हा वडील जाऊन सात महिने झाले होते आणि त्या मुलाकडे बाराव्यानंतर आलेलं ते पहिलं माणूस होतं. काकांना ते सुचलं, कारण ते शेजारी होते. ज्यांना असे काका नाहीत त्यांचं काय?

रजेकडे वळते, कारण इथं सरकार काही करू शकतं आणि करत नाही. खासगी नोकरीत जवळचं माणूस गेल्यावर हक्काची रजा द्यावी, असा कायदा भारतात नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या, त्यांतही ही तरतूद नाही. मोठ्या कंपन्या आपल्या धोरणानं तीन-पाच दिवस देतात. बाकीच्यांनी किरकोळ रजेतून भागवायचं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला असलेली एक ओळखीची बाई. नवरा दुचाकीच्या अपघातात गेला. गोव्याच्या रस्त्यांवर गेल्या काही वर्षांत दरसाल दोनशेहून जास्त माणसं मरताहेत. त्यातलं हे एक घर. तिच्याकडे होत्या तेवढ्या सगळ्या रजा पहिल्याच आठवड्यात संपल्या. अकरावा व्हायच्या आत ती लाईनवर उभी राहिली. पण मी म्हणते तो त्रास पुढचा. दुसऱ्या महिन्यात बँक, तिसऱ्यात विमा, मग गाडीचा दावा, मग वीज-पाण्याची जोडणी नावावर करणं, मग वारसांसाठी इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीची, कागदपत्रं. प्रत्येक वेळी अर्धा दिवस, प्रत्येक खिडकीवर ‘नवरा कधी गेला, कसा गेला’ पहिल्यापासून. आणि परत आली की सुपरवायझरचा प्रश्न, ‘तुझें तें अजून सोंपूंक ना?’ ते तिचं संपलं नव्हतं. तसं ते संपणार तरी कसं, कागदपत्रांचं काम वर्षभर पुरेल इतकं आपणच तिच्या गळ्यात घातलं होतं.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून अठरा वर्षांखालचं मूल गमावलेल्या आईबापांना दोन आठवड्यांची हक्काची रजा आहे. ती एक-एक आठवडा करून, मृत्यूनंतर ५६ आठवड्यांत कधीही घेता येते. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. ज्यानं हे लिहिलं त्याला ठाऊक होतं की पहिला वाढदिवस, पहिलं वर्षश्राद्ध हेही दिवस काढावे लागतात. पोर्तुगालनं २०२२ मध्ये मूल गेल्यावरची रजा पाच दिवसांवरून वीसवर नेली आणि पुढच्याच वर्षी जोडीदारासाठीही वीस केली. आईवडिलांसाठी पाच आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलेल्या गोंयकाराला हा हक्क मिळतो आणि त्याच्या इथं राहिलेल्या सख्ख्या भावाला मिळत नाही.

आपल्या कायद्याला हे अगदीच परकं आहे असंही नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं गर्भपात झालेल्या स्त्रीला सहा आठवड्यांची रजा दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी, मृत बाळ जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं तर साठ दिवसांची विशेष रजा जाहीर केली आणि त्या आदेशात आईला बसणाऱ्या मानसिक धक्क्याचा स्पष्ट उल्लेख केला. सरकारला हे मान्य आहे, तर ते आपल्या महिला कर्मचाऱ्यांपुरतंच का? कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. दुकानं नि आस्थापनांचा आपला १९७३ चा कायदा तर राज्याचाच आहे. जोडीदार, मूल, आईवडील, भावंडं यांपैकी कुणी गेलं तर दहा दिवस पगारी रजा आणि त्यातले निम्मे वर्षभरात हवे तेव्हा घेण्याची मुभा, एवढी दुरुस्ती गोवा विधानसभा करू शकते.

मालकांची अडचण मला दिसते. चार माणसांवर चालणाऱ्या दुकानात एक दहा दिवस नसला तर काय होतं ते त्यालाच ठाऊक. पण अशी वेळ एका माणसावर नोकरीच्या आयुष्यात मोजक्या वेळा येते, आणि मृत्यूचा दाखला ही अशी गोष्ट आहे की त्यात लबाडीला फारसा वाव नाही. शिवाय आज तो माणूस रजा घेत नाही असं कुठं आहे? तो आजारपणाची खोटी चिठ्ठी आणतो, किंवा शरीरानं येतो आणि यंत्राशेजारी भलतीकडे बघत उभा राहतो. ‘कामात मन रमतं’ असंही म्हणतात, आणि पुष्कळांचं रमतंही. त्यांनी तिसऱ्या दिवशी यावं. हक्क असला म्हणजे तो वापरलाच पाहिजे असं नसतं.

मात्र रजेचा कायदा सगळ्यांना पुरणार नाही, हेही सांगायला हवं. मासळी विकणारीला, मोटारसायकलवरून भाडं नेणाऱ्या पायलटला, हंगामापुरता किनाऱ्यावरच्या शॅकवर राबणाऱ्याला रजा कोण देणार? जहाजावर असलेल्या पोराला आईचा निरोप भर समुद्रात मिळतो. पुढचं बंदर येईपर्यंत त्याला उतरता येत नाही. तोवर आई शवागारात थांबते किंवा थांबत नाही, आणि मोबाईलच्या पडद्यावर चितेला अग्नी दिलेला बघून तो पुन्हा ड्युटीवर जातो. मे २०२१ मध्ये आपल्यातल्या कित्येकांना तर दहा किलोमीटरवर असूनही तोंड पाहता आलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह लांबून दाखवला, स्मशानात मोजकी माणसं, बाराव्याला कुणी नाही. त्या घरांना तर ते बारा दिवसही मिळाले नाहीत. इतकी वर्षं झाली, त्यांच्याकडे पुन्हा कुणी जाऊन बसलं का? कोविडचा हिशेब आपण खाटांचा, ऑक्सिजनचा, लशींचा केला. न झालेल्या भेटींचा राहून गेला.

तर मग करायचं काय. याचं उत्तर गोव्यातच आहे, असं मला वाटतं. १९९६ मध्ये इथं सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेनं आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक गोष्ट करून दाखवली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी नैराश्याच्या रुग्णांशी ठरावीक भेटींत बोलायचं. त्याचा उपयोग होतो, हे त्यांनी शास्त्रीय चाचण्या घेऊन सिद्ध केलं आणि ते निष्कर्ष २०१० मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. जगभर त्याचे दाखले दिले जातात. नैराश्य आणि शोक एक नव्हे, हे मला कळतं. पण ऐकून घेणं, घाई न करणं, कुठं थांबून डॉक्टरकडे पाठवायचं हे ओळखणं, ही कौशल्यं दोन्हीकडे लागतात आणि ती गावातल्या माणसाला शिकवता येतात, एवढं तर त्यातून कळलंच. स्वयंसाहाय्य गटांच्या बायका आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, भजनी मंडळं आहेत. शोक थिजलेल्या माणसासाठी बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे, ‘टेली-मानस’चा १४४१६ हा फुकटचा क्रमांक आहे. मधली पायरी तेवढी नाही.

ती पंचायतीनं बांधावी. मृत्यूची नोंद कायद्यानं २१ दिवसांत करावी लागते, म्हणजे गावात घरी कुणी गेलं की ते पंचायतीच्या नोंदवहीत येतंच, आणि दवाखान्यात गेलेल्यांचं वाड्यावर कळतं. प्रत्येक वाड्यावर दोन माणसं नेमावीत, एक बाई, एक बाप्या. त्यांनी महिन्यानं, दीड महिन्यानं, सहाव्या महिन्यात आणि वर्ष भरताना त्या घरी जावं. उपदेश करायचा नाही. ‘सुटले बिचारे’, ‘देवाची मर्जी’, ‘आता पोरांकडे बघ’ ही वाक्यं बाहेर चपलांपाशी ठेवून जायचं. गेलेल्याचं नाव घ्यायचं, कारण घरातले एकमेकांना रडू येईल म्हणून ते घ्यायचे थांबलेले असतात. विधुराला डाळ-भात लावायला शिकवायचं. विधवेचा दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज भरून द्यायचा, तिच्याबरोबर बँकेत जायचं, म्हणजे खिडकीवरच्या प्रश्नांना तिला एकटीला उत्तरं द्यावी लागणार नाहीत. पोरं लहान असतील तर त्यांच्याशी बोलायचं; त्यांना ‘बाबा गावाला गेले’ असं सांगून ठेवलेलं असतं आणि शाळेत मात्र सगळं कळलेलं असतं.

उत्साह ओसरेल, चार महिन्यांनी कुणी फिरकणार नाही, असं म्हणणारे भेटतील आणि त्यांचा अनुभव खोटा नसेल. म्हणून सगळ्या गावासाठी एकदम योजना आखू नये. पावसाळ्यात माणूस गेलेल्या घरांपासून सुरुवात करावी. जून-जुलैत मुसळधार पावसामुळं भेटायला येणारे आधीच थोडे, शेतीच्या कामामुळं आलेलेही लवकर परततात आणि दोनेक महिन्यांतच चवथ येऊन ठेपते. अशी घरं एका पंचायतीत मोजकीच असतील. नोंदवहीतून त्यांची यादी काढायला सचिवाला अर्धा तास लागेल.